मदत हवी आहे: आईचं स्लिंगचं ऑपरेशन, पट्टी टाक्याशिवाय 'वेल्डिंग' करतात का?

नमस्कार मंडळी, विषय जरा अवघड आहे पण घरात कोणी मोकळं बोलत नाही म्हणून इथे विचारतेय. आई ५८ वर्षांची, रावेर तालुक्यात आमची केळी आहे, तीन बाळंतपणं आणि जन्मभर ओझी उचललेली. खोकलं, शिंकलं, हसलं की लघवी सुटते, चार वर्षं झाली म्हणे. आम्हाला कळलंच नाही हो. कानबाईला एरवी सगळ्यात आधी पदर खोचून फुगडीला उभी राहणारी बाई यंदा कोपऱ्यात बसून राहिली तेव्हा वहिनीने खोदून विचारलं. भरीत पार्टीला मळ्यात येत नव्हती, तेही आम्ही गुडघ्यांवर ढकललेलं.

जळगावला दाखवलं. खोकायला लावून तपासलं, स्ट्रेस प्रकार आहे म्हणाले, म्हणजे मनाचा ताण नाही, पोटावर दाब आला की गळते तो, तीन महिने ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे व्यायाम करा आणि फरक नाही पडला तर टीव्हीटी, म्हणजे मूत्रनळीखाली जाळीची पट्टी. व्यायाम करते ती, पण नेमकं काय आवळते देव जाणे.

आता भावाने मोबाईलवर वाचलंय की लेझर नाहीतर उष्णता देऊन पट्टी आतल्या मांसाला तिथल्या तिथे चिकटवता येते. त्याचं ट्रॉली बनवायचं दुकान, त्यामुळे लगेच पटलं, म्हणतो टाका उसवतो, वेल्डिंग नाही, ते तंत्र येईपर्यंत थांबू. आई म्हणते, "मले नही करायचं बापा, आतमधी जाळायचं काही." थांबण्यात अर्थ आहे का? आणि टाके नसले तर पट्टी सरकत कशी नाही?

ओटीतली_ताई, धुळे:
ताई, भावाला आधी हे सांगा की नेहमीच्या टीव्हीटीत पट्टीला टाके नसतातच! टाके असतात ते वरच्या छोट्या कापाला. पट्टी पॉलिप्रोपिलीनची, साधारण १ सेंटीमीटर रुंद, जाळीच्या कडा खरबरीत असतात म्हणून ती आत घर्षणाने धरून राहते आणि पुढच्या काही आठवड्यांत भोकांमधून मांस वाढून पक्की होते. स्वीडनच्या उल्मस्टेन यांनी १९९६ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हापासून हेच. उलट लगेच पक्की नसते ते बरंच, कारण पट्टी जास्त ताणली गेली आणि लघवी अडली तर पहिल्या काही दिवसांत सैल करता येते. पुढे मात्र काढणं अवघड, शिवाय काहींना जाळी उघडी पडणं, दुखणं असे त्रास होतात, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. जाळी नकोच असेल तर पोटाच्या स्नायूंवर जो चिवट पडदा असतो, त्या स्वतःच्याच पडद्याची पट्टी करूनही स्लिंग होते, काप मोठा असतो एवढंच.

लेझरवाला_पोऱ्या, भुसावळ:
भाऊने वाचलं ते अगदीच हवेतलं नाही. टिश्यू साधारण ६० ते ७० डिग्रीला नेला की त्यातलं कोलॅजन नावाचं प्रथिन उलगडतं आणि थंड होताना शेजारच्या कोलॅजनला धरतं. प्रकाश शोषणारा रंग लावून नेमकी तेवढीच जागा तापवतात, किंवा रोज बेंगाल नावाचा रंग आणि हिरवा प्रकाश वापरून फारसं न तापवताही जोडतात. पण पॉलिप्रोपिलीनमध्ये कोलॅजनच नाही, ते वितळतं १६० च्या आसपास, तोवर मांस शिजेल. म्हणून मध्ये कोलॅजन किंवा अल्ब्युमिन ह्या प्रथिनाचा थर लागतो. खरा उपयोग आखूड मिनी-स्लिंगला होऊ शकतो, कारण तिला घर्षणाला पुरेशी लांबी नसते, टोकांना नांगरासारखे आकडे लावावे लागतात. पण मूत्रनळी एवढी जवळ, उष्णता थोडी इकडेतिकडे गेली तर काय? आईसाठी ह्याची वाट बघू नका.

धागाकर्ती:
दोघांचे खूप आभार. भावाला वाचून दाखवलं, आधी गप्प बसला, मग म्हणाला बरोबर आहे, लोखंडाला लाकूड वेल्ड होतच नाही. आता व्यायामाचंच आधी नीट बघतो. जळगाव-भुसावळकडे हे हाताने तपासून शिकवणारी बाई फिजिओथेरपिस्ट कोणाला माहीत आहे का? नाव इथे नको, व्यनि (खासगी निरोप) करा. आई पुरुषाकडे अजिबात जाणार नाही.