मदत हवी आहे: मुलं सुभेदाराला लेफ्टनंट म्हणतात, काय करू?

खानापूरकर_बाई
नमस्कार. जरा लवकर उत्तर हवंय. मुलांना फौजेतल्या रँक शिकवतेय. तीन आठवडे झाले, नावं ओळीनं पाठ आहेत, पण चित्र समोर धरलं की गडबडतात. सुभेदार दाखवला की "लेफ्टनंट", सुभेदार मेजर दाखवला की "मेजर". काल परत घेतलं, परत तेच. पुढच्या शनिवारी कॅम्पला निघायचंय, तिथं विचारतात. सोपी युक्ती असेल तर सांगा. घोकून घ्या म्हणू नका, ते झालंय.

येळ्ळूरचा_सागर
कुठली मुलं? सैनिक स्कूल, एनसीसी की भरतीचा क्लास? वय काय? फक्त आर्मी की नेव्ही, एअरफोर्सपण? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार?
तोवर एक करा, फोनवर फ्लॅशकार्डचं ॲप घ्या. रोज दहा मिनिटं. चुकलेलं कार्ड पुन्हा पुन्हा समोर येतं. मी पुण्यात नोकरी सांभाळून याच पद्धतीनं परीक्षा काढल्या.

शहापूरची_आई
सैनिक स्कूलला सहावीत आणि नववीत प्रवेश मिळतो, त्याची अखिल भारतीय परीक्षा असते. बेळगावच्या राष्ट्रीय मिलिटरी स्कूलची परीक्षा मात्र वेगळी, दोन्हीचे फॉर्म वेगवेगळे भरावे लागतात. आम्ही एकच भरला आणि वर्ष गेलं. मुलाचं गणित आतापासून पक्कं करून घ्या.

खानापूरकर_बाई
ताई, प्रवेशाचं विचारलं नाही हो. एनसीसी आहे, मुलांची ज्युनियर डिव्हिजन आणि मुलींची ज्युनियर विंग, आर्मी. आठवी-नववीची ४२ मुलंमुली. आमचे एनसीसीचे सर निवृत्त झाले आणि केअरटेकर म्हणून माझ्याकडे आलं. मी मराठी शिकवते. शाळेत फोन आणू देत नाहीत, त्यामुळं ॲप जमणार नाही.

माजी_सुभेदार_निपाणी
बाई, नमस्कार. मराठा लाइट इन्फंट्रीत २६ वर्षं काढून सुभेदार म्हणून पेन्शन आलो. पोरं सुभेदाराला लेफ्टनंट म्हणालेत हे वाचून राहवलं नाही.
तुम्ही नावं वरपासून खालपर्यंत एका ओळीत शिकवलीत, तिथंच घोळ झालाय. आधी नाव नको, आधी जागा. माणूस समोर आला की पहिल्यांदा दंड बघायचा. दंडावर फीत आहे? एक म्हणजे लान्स नायक, दोन नायक, तीन हवालदार. दंड मोकळा आणि खांद्यावर काही दिसलं, तर दुसरा प्रश्न: स्टारसोबत आडवी रंगीत पट्टी आहे का? लाल-पिवळी-लाल पट्टी म्हणजे जेसीओ साहेब, ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर. एक स्टार नायब सुभेदार, दोन स्टार सुभेदार, अशोकस्तंभ असला तर सुभेदार मेजर. पट्टी नसली तर ऑफिसर: दोन स्टार लेफ्टनंट, तीन कॅप्टन, नुसता अशोकस्तंभ मेजर. अशोकस्तंभ आणि एक स्टार लेफ्टनंट कर्नल, दोन कर्नल, तीन ब्रिगेडियर. त्याच्यावर तलवार आली की जनरल लोक. कर्नलपासून वर कॉलरला लाल पट्ट्या दिसतात, ती खूण लांबनंपण ओळखता येते.
आता बघा, पट्टी काढून टाका. सुभेदाराचे दोन स्टार आणि लेफ्टनंटचे दोन स्टार, काय फरक राहिला? तुमच्या पोरांची नजर पट्टीवर जातच नाही.

कडोलीचे_गुरुजी
मी ३० वर्षं प्राथमिकला शिकवलंय. चालीत बसवलं की मूल विसरत नाही. घ्या:
*एक फीत लान्स नायक, दोनांचा नायक,*
*तीन फिती हवालदार, तुकडीचा पालक.*
पुढचं कडवं मुलांकडूनच करून घ्या.

माजी_सुभेदार_निपाणी
गुरुजी, चाल छान आहे. पण गाणं तोंडाला पाठ होतं, डोळ्याला नाही. बाईंनी वरच लिहिलंय की पाठ आहे.

कडोलीचे_गुरुजी
तोंडाला आलं की डोळ्यापर्यंत पोचतंच. माझे विद्यार्थी आज फौजेत आहेत, साहेब.

येळ्ळूरचा_सागर
आणि खांदा-दंड कशाला शिकवताय? कॉम्बॅट ड्रेसवर, म्हणजे लढाईच्या वेषावर, रँक छातीवर मधोमध असते. २०२२ पासून तर ड्रेसच नवीन आहे. मुलं आज फौजी बघतात ते कॉम्बॅटमध्येच.

माजी_सुभेदार_निपाणी
सागर, कॉम्बॅटवर रंग दबवलेले असतात, लांबनं दिसू नयेत म्हणून. ज्या पोराला रंगातली पट्टी दिसत नाही त्याला तिथं काय दिसणार? आधी खांदा, मग छाती.

चंदगडचा_नातू
अवांतर, पण साहेब इथं आहेत म्हणून विचारतो. आजोबांचा दुसऱ्या महायुद्धातला फोटो घरी आहे. दंडावर तीन फिती. शेजारी बसलेल्या गोऱ्या साहेबाच्या खांद्यावर नुसता मुकुट आहे. आजोबा हवालदारच ना? आणि तो मुकुट कशाचा?

माजी_सुभेदार_निपाणी
हवालदारच. तो गोरा मेजर. तेव्हा मेजरच्या खांद्यावर ब्रिटिश मुकुट असायचा, १९५० ला प्रजासत्ताक झालं आणि मुकुटाच्या जागी अशोकस्तंभ आला. फोटोत नायब सुभेदार कुणी असला तर त्या काळी त्याला जमादार म्हणायचे, १९६५ पर्यंत. फोटो लॅमिनेट करू नका, खराब होतो.

पाहुणा_गडहिंग्लज
मूळ मुद्दा वेगळाच आहे. सीमाभागातल्या मराठी शाळेत तक्ते कन्नड-इंग्रजीत येतात. मुलांना मराठीत तक्ता मिळाला असता तर ही वेळच आली नसती.

येळ्ळूरचा_सागर
सुभेदार हा शब्द कुठल्या भाषेत बदलतो? बाईंची मुलं नाव चुकत नाहीत, चित्र चुकतात.

पाहुणा_गडहिंग्लज
तुम्ही पुण्यात बसून बोलू नका.

संपादक
दोघांनाही विनंती, सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे. इथं बाईंना शनिवारच्या आत उत्तर हवंय.

मुतग्याची_पूर्वा
बाई, मी कॅडेट होते, आता बीएस्सीला आहे. एकच विचारते. चार्ट रंगीत आहे का?

खानापूरकर_बाई
नाही. सरांच्या कपाटात एक जुना रंगीत होता, फाटलाय. त्याची झेरॉक्स काढून प्रत्येकाला दिली.

(थोड्या वेळानं)

पूर्वा, आत्ता झेरॉक्स खिडकीशी नेऊन बघितली. सुभेदाराच्या खांद्यावर दोन स्टार काळे ठसठशीत आलेत. त्यांच्याखाली पट्टीच्या जागी फिकट राखाडी रेघ आहे, आणि खांद्याच्या कडेची शिलाई आहे तशीच राखाडी. लाल नाही, पिवळा नाही. मलाच शोधावी लागली. मुलांची काय चूक? तीन आठवडे मी त्यांना रागावले. उद्या वर्गात आधी हे सांगणार आहे.

मुतग्याची_पूर्वा
आमच्या वेळीपण हेच झालं होतं, म्हणून विचारलं. बेळगावच्या खडेबाजारात रिबन मीटरवर मिळते, लाल आणि पिवळी घ्या. हिरव्या कार्डशीटचे खांदे कापा, स्टार चांदीच्या कागदाचे. पट्टी वेगळी ठेवा, चिकटवू नका. दोन स्टार लावून विचारायचं, "कोण?" लेफ्टनंट. मग पट्टी ठेवायची, "आता कोण?" पट्टी हातानं ठेवली आणि काढली की डोक्यात बसतं.

कडोलीचे_गुरुजी
कागदाचं कशाला? बेळगावच्या कॅम्प भागातल्या मिलिटरी सामानाच्या दुकानात खरे बॅज मिळतात.

माजी_सुभेदार_निपाणी
गुरुजी, खरे नकोत. हौशीनं एखादं पोर अंगावर लावून गावात फिरलं तर? फौजी असल्याचं भासवून खुणा लावणं गुन्हा आहे. आणि तो मान मिळवावा लागतो. मला पहिली फीत मिळाली तेव्हा ती टाचून घ्यायला पलटणीच्या शिंप्याकडं गेलो होतो, त्यानं आधी हात धुतले, मग सुई घेतली. पूर्वाचं बरोबर आहे, कागदाचंच करा.
आणि पोरांना कामानं रँक दाखवा. मैदानात दहा जणांचं सेक्शन उभं करा, हवालदार पुढं. तीन सेक्शनची प्लाटून, तिच्यासमोर कागदाची पट्टी लावलेला सुभेदार. कंपनीला मेजर. कोण कुणाला सांगतो हे पायानं चालून कळलं की खांदा आपोआप लक्षात राहतो. मराठ्यांच्या पोरांना नायक यशवंत घाडगे सांगा. १९४४, इटली, दंडावर दोन फिती. सेक्शनमधली माणसं पडली तरी एकटे मशीनगनवर गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोन फिती म्हणजे काय हे पोर विसरणार नाही.

शहापूरची_आई
अग्निवीरला साडेसतरा वर्षं पूर्ण लागतात ना? मोठ्याला करायचं आहे.

येळ्ळूरचा_सागर
हो, साडेसतरा पूर्ण लागतात. पण वेगळा धागा काढा ना ताई.

खानापूरकर_बाई
मंगळवारचं सांगते. रिबन आणली, मुलांनीच खांदे कापले. मैदानात प्लाटून उभी केली. सुभेदार म्हणून आठवीतली एक मुलगी होती, एरवी वर्गात तोंड उघडत नाही. तिनं पट्टी दोन बोटांनी धरून खांद्यावर ठेवली आणि आवाज असा काढला की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीत आली. नंतर एकेकाला वेगवेगळी कार्डं दाखवली. ४२ पैकी ३७ जणांनी सुभेदार आणि लेफ्टनंट बरोबर ओळखले. उरलेली पाच सुभेदार मेजर आणि मेजरमध्ये अडकली, त्यांचं उद्या घेते.
एका मुलानं मात्र अडवलं. म्हणाला, "बाई, तीन स्टार आणि पट्टी, तो कोण?" मी म्हटलं असं नसतं. तो म्हणतो असतं, ठाण्यात बघितलंय.

माजी_सुभेदार_निपाणी
पोरगं हुशार आहे. ते पोलीस इन्स्पेक्टर. त्यांची पट्टी लाल-निळी. फौजेत जेसीओंना तीन स्टार नसतातच, एक, दोन, मग थेट अशोकस्तंभ. म्हणून तीन स्टार आणि पट्टी दिसली की पोलीस समजायचं. दोन स्टार आणि लाल-निळी पट्टी म्हणजे पीएसआय, त्याला सुभेदार म्हणू नये. त्या पोराला शाबासकी द्या.

खानापूरकर_बाई
दिली. सुभेदार साहेब, गुरुवारी तुम्हीच शाळेत याल का? मुलं विचारतायत की खरा सुभेदार कसा असतो. व्यक्तिगत संदेशात पत्ता पाठवते.

माजी_सुभेदार_निपाणी
येतो बाई. निपाणीहून सकाळी निघालो तर बेळगावच्या सीबीटी बसस्थानकावर बस बदलून अकरापर्यंत खानापुरात पोचेन. युनिफॉर्म घालणार नाही, साधा सदरा आणि मेडल. माझी जुनी पट्टी डब्यात जपून ठेवली आहे, ती दाखवायला आणतो.