क्रूझवर खाण्यापिण्याचा वरखर्च कसा टाळावा?

प्रश्न – दांडियाबाजार, बडोदा

नमस्कार. येत्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहा जण, म्हणजे सासू-सासरे, आम्ही दोघे आणि 13 व 9 वर्षांची मुले, सिंगापूरहून निघून पेनांग आणि फुकेत करून परत सिंगापूरला येणाऱ्या पाच रात्रींच्या क्रूझवर जाणार आहोत. पैसे भरून झाले आहेत आणि ‘जेवणखाण सगळे त्यातच आले’ असे टूरवाल्यांनी सांगितले आहे. परंतु गेल्या वर्षी अशाच सहलीहून आलेल्या शेजाऱ्यांना उतरण्याच्या आदल्या रात्री जे बिल मिळाले, त्यात पाणी, कॉफी आणि मुलांची सरबते एवढ्याचेच इतके पैसे लागले होते की, परतीच्या प्रवासात त्या घरात कोणी कोणाशी धड बोलले नाही.

आम्ही ही सहल दोन वर्षे रिकरिंग ठेवून जमवलेल्या पैशांतून करत आहोत, त्यामुळे असा धक्का आम्हाला परवडणारा नाही. सासऱ्यांना रात्रीच्या गोळ्यांबरोबर कोमट पाणी लागते. घरात दारू कोणी घेत नाही, फक्त यजमानांना एखाद्या संध्याकाळी बिअर घ्यावीशी वाटेल. टूरवाले पेयांचे पॅकेज, म्हणजे रोजची ठरलेली रक्कम भरून हवी तेवढी पेये घेण्याची सोय, आताच घेऊन ठेवा, असा आग्रह करत आहेत. ते घ्यावे का, आणि नेमके कशाचे पैसे लागतात व कशाचे लागत नाहीत, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

उत्तर 1 – कारेलीबाग

ताई, आपला प्रश्न वाचून आमच्या क्रूझची पहिली दुपार डोळ्यांपुढे उभी राहिली. जहाज सुटण्याच्या वेळी वरच्या डेकवर गाणी सुरू होती आणि एक तरुण वेटर अननसाची फोड व कागदी छत्री खोवलेले उंच, रंगीत पेले ट्रेमध्ये घेऊन घोळक्यातून फिरत होता. तो हसून पेला पुढे करतो, मुले हात पुढे करतात, आणि आपल्याला वाटते की हे स्वागताचे सरबत असावे. आमच्या तिन्ही मुलांनी घोट घेतल्यावर त्याने खोलीचे कार्ड मागितले, तेव्हा उलगडा झाला. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. खोलीची किल्ली असलेले तेच कार्ड खर्चाच्या खात्याला जोडलेले असते, आणि पाकिटातून नोट निघत नसल्यामुळे किती गेले याचा अंदाजच राहत नाही. तेव्हापासून आम्ही घरात असा नियम केला की खाण्यापिण्याच्या ठिकाणी कोणी कार्ड मागितले, तर आधी किंमत विचारायची आणि मगच हात लावायचा. मुलांच्या कार्डांवरचा खर्च चढल्या दिवशीच स्वागतकक्षात सांगून बंद करता येतो. ते अवश्य करून घ्यावे.

दुसरा फटका पाण्याचा बसला. खोलीतल्या टेबलावर दोन बाटल्या होत्या आणि त्यांच्या मानेला किमतीची पुठ्ठ्याची चिठ्ठी अडकवलेली होती. दमून आलेल्या माणसाचे तिच्याकडे लक्ष जात नाही. बाटली चार अमेरिकी डॉलरची असली तरी त्यावर 18 टक्के सेवाशुल्क आपोआप चढते, म्हणजे 4.72 डॉलर होतात आणि आपल्या रुपयांत चारशेच्या आसपास जातात. वास्तविक बुफेतील यंत्राचे पाणी आणि भोजनगृहात जगमधून वाढलेले पाणी विनामूल्य असते. जहाजावरचे पाणी समुद्राचे पाणी गोडे करून किंवा बंदरातून भरून, शुद्ध करून आणि तपासून दिले जाते, त्यामुळे ते निर्धास्तपणे प्यावे. खोलीत शिरताच त्या बाटल्या आणि फ्रिजमधील वस्तू उचलून न्यायला सांगाव्यात.

सासऱ्यांसाठी एक चांगला स्टीलचा थर्मास न्यावा. विजेची किटली किंवा पाण्यात घालायची कॉइल आगीच्या भीतीने जहाजावर चालत नाही. तपासणीत ती काढून घेतात. बुफेत चहासाठी गरम पाण्याचा नळ असतो. माझे वडील रात्रीच्या जेवणानंतर तिथून थर्मास भरून आणत आणि तो सकाळपर्यंत पुरत असे.

खाण्याचे म्हणाल तर बुफे आणि मुख्य भोजनगृह तिकिटात असते, आणि तिथे कितीही वेळा मागून घेतले तरी पैसे लागत नाहीत. साधा चहा, यंत्राची साधी कॉफी आणि न्याहारीच्या वेळचे रस त्यातच येतात. मात्र कॉफीच्या दुकानातील कॅपुचिनो, ताजा काढलेला रस, डबाबंद शीतपेये आणि वेगळ्या पार्लरमधील आइस्क्रीम यांचे पैसे लागतात. तलावाजवळच्या यंत्रातून कोनात मिळणारे आइस्क्रीम बहुतेक जहाजांवर विनामूल्य असते. मुलांना ही दोन ठिकाणे पहिल्याच दिवशी प्रत्यक्ष नेऊन दाखवावीत. आमच्या धाकट्याला एकदा कळल्यावर तोच इतर मुलांना सांगत सुटला. मुख्य भोजनगृहाच्या मेनूमध्येही एखाद्या पदार्थापुढे किंमत छापलेली असेल, तर तो जादा पैशांचा समजावा.

उत्तर 2 – मांजलपूर

मी सहली आखण्याच्याच व्यवसायात आहे, म्हणून पॅकेजबद्दल स्पष्ट लिहितो. उदाहरणादाखल दारूसह असलेले पॅकेज दिवसाला 70 डॉलरचे धरले, तर 18 टक्के मिळवून ते 82.60 होते आणि पाच रात्रींचे 413 डॉलर एका माणसाचे होतात. पॅकेज निवडक दिवसांचे मिळत नाही, पूर्ण सफरीचेच घ्यावे लागते. शिवाय रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांच्या नियमानुसार एकाच केबिनमधील एकाने असे पॅकेज घेतले, तर तिथल्या दुसऱ्या प्रौढानेही घ्यावे लागते. म्हणजे यजमानांच्या बिअरसाठी 826 डॉलर मोजायचे. 14 डॉलरचा एक पेला सेवाशुल्कासह 16.52 ला पडतो. या हिशेबाने दोघांनीही रोज पाच-पाच पेले घेतले तरच पैसे वसूल होतात, आणि पेनांग-फुकेतचे दिवस तर आपण दिवसभर जमिनीवर असणार. आपल्यासारख्या कुटुंबाने हे पॅकेज घेऊ नये. यजमानांनी खुशाल दोन संध्याकाळी सुटी बिअर घ्यावी.

अनेकांना माहीत नसलेली गोष्ट म्हणजे खोलीत मागवलेले जेवण. रॉयल कॅरिबियनने 2017 पासून त्यावर दर ऑर्डरमागे 7.95 डॉलर आणि वर 18 टक्के लावायला सुरुवात केली. सकाळची साधी न्याहारी तेवढी त्यातून वगळलेली होती. नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर सेवाशुल्क 20 टक्के असते. आपल्या जहाजाचे चालू दर निघण्यापूर्वी कंपनीच्या ॲपवर पाहून घ्यावेत. याखेरीज कर्मचाऱ्यांची रोजची टिप दर माणशी लागते आणि ती मुलांचीही धरली जाते. ती तिकिटात भरली आहे की जहाजावर कापली जाणार आहे, हे टूरवाल्यांकडून लेखी घ्यावे. ‘सगळे त्यातच आले’ हे तोंडी आश्वासन पुरेसे नाही.

उत्तर 3 – अलकापुरी

बँकेतून निवृत्त झालो असल्यामुळे फक्त पैशांविषयी लिहितो. जहाजाच्या खात्याला डेबिट कार्ड जोडू नये, कारण अनामत म्हणून अडवलेली रक्कम सुटायला सहल संपल्यावरही कित्येक दिवस लागतात. साध्या क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा सुमारे साडेतीन टक्के आकार आणि त्यावर जीएसटी लागतो. बहुतेक जहाजांवर रोख डॉलर अनामत ठेवता येतात, आणि ठरलेल्या रकमेत राहणाऱ्याला तोच मार्ग बरा. बिल रुपयांत करून देऊ का, असे विचारले तर नाही म्हणावे. त्यातला विनिमयदर आपल्या तोट्याचा असतो.

खाते रोज रात्री टीव्हीवर किंवा ॲपवर पाहावे. आमच्या खात्यात दुसऱ्याच खोलीच्या दोन कॉफी लागल्या होत्या. त्याच रात्री सांगितल्यामुळे पाच मिनिटांत निघाल्या. शेवटच्या सकाळी स्वागतकक्षापुढे इतकी मोठी रांग असते की लोक चुकीचे बिलही भरून मोकळे होतात. सहीच्या पावतीवर टिपसाठी आणखी एक रिकामी जागा असते. सेवाशुल्क आधीच धरलेले असल्याने तिथे काही लिहिण्याची गरज नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. पॅकेज घ्यायचे नाही हे आज रात्रीच ठरले. आता एकच शंका उरली आहे. सासूबाईंची एकादशी सहलीत येते आहे. घरून फराळाचे नेले तर चालेल का, की तिथे वेगळे काही मागवावे लागेल आणि त्याचे पैसे लागतील?

उत्तर 4 – कारेलीबाग

घरी केलेले पदार्थ बहुतेक जहाजांवर चालत नाहीत, परंतु कारखान्यात बंद केलेली पाकिटे नेऊ देतात. राजगिऱ्याची चिक्की, लाडू आणि सैंधवाची पुडी सीलबंद घ्यावी. आपला हिरवा चिवडा आणि भाकरवडीही तशाच पाकिटात न्यावी, म्हणजे मधल्या वेळी मुलांचे पाय दुकानांकडे वळणार नाहीत. एकादशीसाठी वेगळा खर्च नाही. आदल्या रात्री मुख्य भोजनगृहातील हेड वेटरला सांगितले की साधे उकडलेले बटाटे मिळतात. आमच्या आईसाठी त्याने ते झाकलेल्या ताटलीत मीठ न घालता वेगळे आणून ठेवले होते. फळे, दूध आणि दही न्याहारीच्या बुफेत असतेच. फक्त ‘उपवास’ हा शब्द त्यांना कळत नाही, म्हणून काय चालते आणि काय चालत नाही, हे इंग्रजीत एका कागदावर लिहून न्यावे.