अर्न्स्ट कासिरर वाचायचा आहे – सुरुवात कुठून?

वाचनवेडा
कासिरर या जर्मन तत्त्वज्ञावर अलीकडे इंग्रजीत बरंच येतंय. २०२० मध्ये स्टीव्ह लॉफ्ट्स यांनी त्याच्या मुख्य ग्रंथाचे, 'प्रतीकरूपांचे तत्त्वज्ञान'चे तिन्ही खंड नव्याने भाषांतरित केले. आमच्या वाचनगटाला तो घ्यायचा आहे. जर्मन कुणालाच येत नाही, कांटची तोंडओळख आहे. थेट पहिल्या खंडाला हात घालावा का? आणि ही नवी लाट कशामुळे? एखादं प्रकरण मराठीत करायचंही मनात आहे, हक्कांचं काय ते कळलं तर बरं.

मारबुर्गकर
पहिल्या खंडापासून मुळीच नको. १९२३ चा तो खंड भाषेवर आहे. प्रस्तावना संपली की जर्मन भाषाविचारक हुम्बोल्टचा भाषाविचार आणि जगभरच्या भाषांतली अवकाश, काल, संख्या यांची उदाहरणं सुरू होतात. मुद्दा काय हे आधी ठाऊक नसेल तर गट तिथेच गळतो.

आधी १९१० चं 'सबस्टन्स अँड फंक्शन', तेही फक्त पहिलं प्रकरण. इंग्रजी भाषांतर १९२३ चं आहे आणि त्याच जिल्दीत आइन्स्टाइनच्या सापेक्षतेवरचा निबंधही मिळतो. संकल्पना कशी बनते, हा प्रश्न. अनेक वस्तूंतले समान गुण वेचले की संकल्पना तयार होते, हे जुनं उत्तर. त्यावर कासिरर लोट्झे या एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन तत्त्वज्ञाचं उदाहरण घेतो: चेरी आणि मांस दोन्ही लाल, रसदार, खाण्याजोगे, म्हणून दोघांना एका वर्गात टाकलं तर हाती काय लागतं? काहीच नाही. संकल्पना म्हणजे समान गुणांचं गाठोडं नसून मालिकेतलं पुढचं पद ठरवणारा नियम, गणितातल्या फलनासारखा (फंक्शन). हे पक्कं झालं की पुढचा कासिरर निम्मा कळला म्हणा. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानातली माणसं त्याच्याकडे परतली ती बरीचशी याच पुस्तकामुळे. भौतिकीचे सिद्धान्त बदलले तरी त्यांतली नाती बऱ्याच अंशी टिकतात, असं म्हणणाऱ्या संरचनावाद्यांना इथे पूर्वज सापडतो.

त्यानंतर 'ॲन एसे ऑन मॅन'चा पूर्वार्ध, म्हणजे पहिली पाच प्रकरणं. मग पहिल्या खंडाची फक्त प्रस्तावना, आणि तिथून थेट तिसऱ्या खंडाचा (१९२९) दुसरा भाग. त्यातल्या 'प्रतीकगर्भते'च्या प्रकरणावर एक अख्खी बैठक घालवा. कागदावर एक वळणदार रेघ आहे. ती कधी नुसती चाल म्हणून जाणवते, कधी नक्षी म्हणून, कधी भूमितीतला वक्र म्हणून, तर कधी मंतरलेली खूण म्हणून. आधी अर्थहीन रेघ दिसते आणि मग आपण तिला अर्थ चिकटवतो, असं होत नाही. दिसतानाच ती कुठल्या तरी अर्थाने भरलेली असते. गटात हमखास इथेच घोटाळा होतो. 'म्हणजे सगळं पाहणाऱ्यावर अवलंबून' असं कुणीतरी म्हणतंच. तसं नाही. प्रत्येक रूपाला स्वतःचे नियम आहेत; वक्राचं समीकरण कुणाच्या लहरीवर बदलत नाही.

मिथकांवरचा दुसरा खंड (१९२५) हवा तेव्हा घ्या. आपल्याकडच्या वाचकाला तो जवळचा वाटतो, वेद-उपनिषदंही येतात. पण ती डॉयसन, ओल्डेनबेर्ग यांच्यासारख्या जर्मन अभ्यासकांमार्फत, हे ध्यानात असू द्या.

तळटीप
क्रम पटला. लाटेबद्दल थोडं.

मुख्य कारण साधं आहे: मजकूर हाती आला. १९३३ मध्ये जर्मनी सोडल्यावर ऑक्सफर्ड, गोथेनबर्ग आणि १९४१ पासून अमेरिका अशी त्याची फरफट झाली. १९४५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तो वारला तेव्हा हस्तलिखितांचा मोठा साठा मागे राहिला. तो अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहे. त्याचं प्रकाशन १९९५ मध्ये सुरू झालं, तेही 'प्रतीकरूपां'च्या अपुऱ्या राहिलेल्या चौथ्या खंडासाठीच्या टिपणांपासून. शिवाय बिर्गिट रेकी यांच्या संपादनाखाली माइनर प्रकाशनाने १९९८ ते २००९ या काळात त्याच्या समग्र लेखनाच्या हाम्बुर्ग आवृत्तीचे २५ खंड आणि सूची काढली. तिच्यात 'प्रतीकरूपां'चे तीन खंड ११, १२, १३ क्रमांकांवर आहेत. लेखात संदर्भ देताना हे क्रमांक द्या. नुसता मॅनहाइमच्या १९५०च्या दशकातल्या भाषांतराचा पृष्ठांक दिला तर लॉफ्ट्सची प्रत घेऊन बसलेल्याला काही सापडत नाही.

दुसरं कारण दावोस. १९२९ च्या वसंतात स्वित्झर्लंडमधल्या या गावी जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरशी झालेला वाद. विश्लेषक पंथाचा तत्त्वज्ञ कार्नाप तिथे हजर होता, या धाग्यावरून मायकेल फ्रीडमनने २००० साली विसाव्या शतकातल्या तत्त्वज्ञानाची विश्लेषक आणि युरोपखंडीय अशी फाटाफूट उलगडली. पण दावोसपासून वाचायला लागू नका. हायडेगरच्या कांटवरील पुस्तकाला जोडलेला तो वृत्तान्त बोल्नाव आणि रिटर यांनी तयार केलेला सारांश आहे, शब्दशः नोंद नव्हे. 'कासिरर तिथे म्हणाला' म्हणून त्यातली वाक्यं अवतरणात टाकणं धोक्याचं. त्याची स्वतःची दावोस-व्याख्यानं हस्तलिखित-मालेच्या १७व्या खंडात (२०१४) आहेत. तो खंड जर्मन आहे, म्हणून तुम्हाला तूर्त बाजूला ठेवावा लागेल.

हक्कसोड
मराठीसाठी 'ॲन एसे ऑन मॅन'च घ्या. १९४४ चं हे पुस्तक त्याने स्वतः इंग्रजीत लिहिलं, म्हणजे भाषांतराचं भाषांतर होणार नाही. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, मोजणी पुढच्या कॅलेंडर वर्षापासून. तेव्हा हयातीत छापलेलं लेखन २००५ अखेर मोकळं झालं. भाषांतरकाराचा हक्क मात्र वेगळा: मॅनहाइम १९९२ मध्ये वारला, त्याच्या इंग्रजीवरून मराठी करायचं तर परवानगी लागेल. मरणोत्तर प्रथम छापलेल्या हस्तलिखितांची मुदत प्रकाशनापासून मोजतात, तिकडे जाऊच नका.

वाचनवेडा
मग प्रकरण कुठलं?

हक्कसोड
पाचवं. आटोपशीर आहे आणि एकटं उभं राहतं. वस्तुस्थिती आणि शक्यता यांतला भेद माणसाला कशामुळे करता येतो, हा विषय. उजवा हात लुळा पडलेल्या एका रुग्णाला 'मी उजव्या हाताने लिहू शकतो' हे वाक्य उच्चारताच येईना, डॉक्टरांनी म्हणून दाखवलं तरी नाही. 'डाव्या हाताने लिहू शकतो' मात्र तो सहज म्हणे, कारण ते खरं होतं. हाच धागा विस्ताराने हवा असेल तर तिसऱ्या खंडातलं वाचाघातावरचं (मेंदूच्या इजेमुळे वाचा जाणे) प्रकरण जोडीला ठेवा. मानसशास्त्रज्ञ गेल्ब आणि मेंदूविकारतज्ज्ञ गोल्डश्टाइन यांच्या रुग्णांची निरीक्षणं तिथे तपशिलात आहेत.