मदत हवी आहे: काट्याच्या ड्रायव्हरचा पॅच पास करू की परत पाठवू?

कृष्णाकाठ: गळीत हंगाम तोंडावर आलाय, लवकर सांगा. काट्याच्या पीसीला इंडिकेटरची (वजन दाखवणाऱ्या डब्याची) यूएसबी केबल जरा हलली की कर्नल पॅनिक (लिनक्सचा गाभाच कोसळून पीसी ठप्प). ड्रायव्हरवाल्यानं पॅच (कोडमधली दुरुस्ती) पाठवलाय: बफर (डेटाची तात्पुरती मेमरी) फ्री केला की त्याचा पॉइंटर (पत्ता) नल, म्हणजे रिकामा करायचा, कॉलबॅकमध्ये (रीड पुरा झाला की आपोआप चालणारं फंक्शन) म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) घेऊन नल तपासायचा. वाचून बरोबर वाटतंय. ओके देऊ?

खानापूर_रूट: कर्नल कुठला? ट्रेस (पडताना कर्नलनं लिहिलेली नोंद) कुठाय? ड्रायव्हर कर्नलमधला की बाहेरचा? नुसतं पॅनिक म्हणून काय कळणार ओ?

निपाणीकर: यूएसबीचा नादच सोडा. इंडिकेटरच्या मागं आरएस-२३२ (जुना सीरियल पोर्ट) असतोय, तो घ्या. केबल १५ मीटरच्या वर जाणार असेल तर आरएस-४८५ करा, १२०० मीटरपर्यंत बघायला नको.

कृष्णाकाठ: २३२ वर बाहेरचा मोठा डिस्प्ले आहे. उबंटू २२.०४, कर्नल ५.१५, ड्रायव्हर बाहेरचा. ट्रेसमध्ये 'जनरल प्रोटेक्शन फॉल्ट' (भलत्याच पत्त्यावर हात घातल्याची चूक), रीडच्या कॉलबॅकमध्ये. आता सांगा.

रस्टप्रेमी_चिकोडी: सी भाषेमध्ये हे असंच होणार. रस्टमध्ये (मेमरीच्या चुका रोखणारी भाषा) लिहून घ्या.

खानापूर_रूट: ५.१५ मध्ये रस्ट कुठनं आणणार? ते ६.१ पासून आलंय.
@कृष्णाकाठ, नलची भानगड असती तर 'नल पॉइंटर डीरेफरन्स' आणि शून्याजवळचा पत्ता आला असता. इथं फ्री केलेली मेमरी वापरली जातेय असं दिसतंय. बूट ओळीत स्लब-डीबग एफझेडपी (मेमरी तपासायचा पर्याय, फ्री केलेली मेमरी ६बी नं भरतो) लावा. रजिस्टरमध्ये ६बी६बी६बी आलं की खात्री झाली. पॅचमधली नलची तपासणीसुद्धा ड्रायव्हरच्या त्याच स्ट्रक्चरमध्ये (माहिती ठेवायच्या मेमरीच्या तुकड्यात) डोकावते. डिस्कनेक्टमध्ये (केबल निघाली की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) ते स्ट्रक्चरच फ्री होत असेल तर तपासायला उरलं काय? यूआरबी (यूएसबीवर डेटा मागायची विनंती) परत सबमिट कोण करतं?

कृष्णाकाठ: कॉलबॅक वर्क (नंतर करायचं काम) लावतो, वर्क सबमिट करतं. हे आधी सांगायला पाहिजे होतं का?

हलशी_बूट: सगळी गोम तिथंच आहे की! नुसती किल-यूआरबी (चालू विनंती थांबवणं) केली तर मागं उरलेलं वर्क यूआरबी पुन्हा सबमिट करणार. आधी वर्क रद्द केलं तर कॉलबॅक नवीन वर्क लावणार. म्हणून डिस्कनेक्टमध्ये आधी पॉयझन-यूआरबी (मग सबमिटला ईपर्म, म्हणजे 'परवानगी नाही' ही एरर मिळते), मग कॅन्सल-वर्क-सिंक (वर्क रद्द करून ते संपेपर्यंत थांबणं), शेवटी फ्री. हा क्रम उलटा चालत नाही. म्यूटेक्स तर काढूनच टाकायला सांगा. कॉलबॅक अॅटॉमिक कॉन्टेक्स्टमध्ये चालतो, तिथं झोपायची (थांबून वाट बघायची) सोय नाही. 'शेड्यूलिंग व्हाइल अॅटॉमिक' येईल. स्पिनलॉक (न झोपणारं कुलूप) घ्या.

खानापूर_रूट: एवढ्यानं भागत नाही. काट्याचं सॉफ्टवेअर डिव्हाइस फाइल उघडी धरून बसलेलं असतं. डिस्कनेक्टमध्ये स्ट्रक्चर फ्री केलं तर पुढच्या रीडला परत तेच. केरेफ (किती जण वापरतायत ते मोजणारा काउंटर) लावा, शेवटचा क्लोज झाल्यावरच फ्री. कर्नलच्या यूएसबी फोल्डरमधली स्केलेटन फाइल त्याला दाखवा, तयार नमुना आहे.

निपाणीकर: आणि केबल हलते म्हणजे कनेक्टर सैल. नाहीतर मोटार चालू होताना डिस्कनेक्ट होतंय का बघा. डीमेसेजमधली (कर्नलच्या लॉगमधली) वेळ आणि स्टार्टरची वेळ जुळली तर अर्थिंग धरा.

हलशी_बूट: अर्थिंग करा की, कोण नको म्हणतंय? पण केबल निघाली म्हणून कर्नल पडायचं कारण नाही. दोन्ही वेगळं.

कृष्णाकाठ: बरं, परत पाठवतो. नवीन पॅच आला की तपासायचा कसा? दर वेळी केबल उपटत बसू?

हलशी_बूट: रीड चालू ठेवून सिसएफएसमधून (कर्नलच्या /sys फोल्डरमधून) अनबाइंड-बाइंड (ड्रायव्हर सोडणं-जोडणं) लूपमध्ये फिरवा. केबल उपटूनही बघाच. अनबाइंडला कॉलबॅकमध्ये ईशटडाउन ही एरर येते, उपटल्यावर बहुतेक आधी ईप्रोटो ही. ईप्रोटोवर लगेच परत सबमिट होत असेल तर लॉग भरून वाहतो, तिथं थोडा डिले घालायला सांगा. चाचणीच्या कर्नलला केसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं साधन) चालू ठेवा. तो कर्नल काट्यावर नको, दुसऱ्या मशीनवर.

निपाणीकर: डिस्प्ले नुसता ऐकतोय ना? मग त्याच टीएक्स (डेटा पाठवणारी तार) आणि ग्राउंडवरनं पीसीला जोडी काढा. कशाला एवढा व्याप!

खानापूर_रूट: २३२ एकास एक आहे. दोन रिसीव्हर लावले की लोड ३ किलोओहमच्या खाली जाऊ शकतो. आखूड केबलला चालेल, लांबला अक्षरं तुटतील.

निपाणीकर: डिस्प्लेची केबल किती मीटर आहे हे विचारलंय का कुणी?