शेवटचा टप्पा लहानच ठेवा

'शेवटच्या दिवशी कुठे थांबायचं नाही, आठशे किलोमीटर एका दमात मारून रात्री घर गाठायचं' असं आरव्हीच्या, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाडीच्या, सहलीवरून परतण्याबद्दल कुणीतरी म्हटलंय. माझा सपशेल विरोध! मीही एकदा हेच केलं. रात्री साडेअकराला पोचलो आणि अंधारात आरव्ही मागे घेताना मागची शिडी कुंपणाच्या भिंतीला खर्रकन घासली. तीन आठवड्यांत एक ओरखडा नाही, आणि घराच्या दारात हे.

तेव्हापासून शेवटचा दिवस ३०० किमीच्या आत. सकाळी टायर गार असतानाच हवा बघतो. गाडी पळवून तापल्यावर आकडा चढलेला दिसतो, त्यावर विसंबून हवा काढू नका. मग सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करतो. संडासाची आधी, सिंक-शॉवरची नंतर, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. हे कँपग्राउंडवरच उरकायचं. घरी ती घाण ओतणार कुठे? स्वच्छ पाणीही हात धुण्यापुरतंच ठेवतो. १५० लिटर म्हणजे सरळ १५० किलो, उगाच कशाला वाहायचं?

कपडे-भांडी दुसऱ्या दिवशी काढली तरी चालतात. फ्रिज मात्र त्याच रात्री रिकामा करून, पुसून, दारात टॉवेल अडकवून उघडा ठेवा. मी एकदा नुसताच बंद करून झोपलो होतो. पंधरा दिवसांनी दार उघडलं तेव्हा आतली काळी बुरशी बघून बायको जे बोलली, ते इथे लिहिण्यासारखं नाही.