शब्दचर्चा: 'मालमत्ता वाटप' वाचलं की तलाठी का आठवतो? आणि बॅकटेस्टला काय म्हणायचं?

रोजकीर्द
गुंतवणुकीवरच्या मराठी मजकुरात ॲसेट ॲलोकेशनला 'मालमत्ता वाटप' हा शब्द रुळत चाललाय. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मात्र सातबारा, वाटणीपत्र आणि बहिणीचं हक्कसोडपत्र उभं राहतं. वाटप झालं की वस्तू आपल्या हातून जाते. इथे पैसा आपलाच आहे, कुठे किती ठेवायचा एवढंच ठरवायचंय. दुसरा अडलेला शब्द बॅकटेस्टिंग, म्हणजे गुंतवणुकीचा नियम जुन्या आकड्यांवर लावून पाहणं. 'मागील चाचणी' म्हटलं की सहामाही परीक्षा आठवते. शिवाय रीबॅलन्सिंग (सरकलेलं प्रमाण पुन्हा ठरल्या जागी आणणं) आणि ड्रॉडाउन (शिखरापासूनची घट) आहेतच. नुसते प्रतिशब्द नकोत, त्यामागची क्रिया त्या शब्दात बसते का तेही सांगा.

काळीकसदार
'विभागणी' म्हणा, भाऊबंदकीचा वास जातो. पण नेमकी कल्पना हवी असेल तर ती शेतात तयार आहे: आंतरपीक. मिश्र पीक आणि आंतरपीक यात फरक आहे. मिश्र पिकात बी एकत्र मिसळून फेकतात, ओळी नसतात. आंतरपिकात प्रमाण ठरलेलं असतं, उदाहरणार्थ चार ओळी सोयाबीन, दोन ओळी तूर. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघतं, तूर मागे उभी राहते. एकाला नडणारा पाऊस दुसऱ्याला त्याच दिवशी, तितकाच नडत नाही. म्हणून दोन्ही लावायची.

पाच समभाग (शेअर) फंड घेऊन 'माझी गुंतवणूक विभागलेली आहे' म्हणणारा सोयाबीनचीच पाच वाणं पेरतो. उघडीप पडली की पाचही माना टाकतात.

मोडीवाचक
हे चांगलं आहे, पण मग दोन शब्द वेगळे ठेवा. पाच कंपन्यांऐवजी पन्नास घेणं म्हणजे 'वैविध्य'. समभाग, रोखे (बॉण्ड), सोनं यांचं प्रमाण ठरवणं म्हणजे 'विभागणी'. छापील मजकुरात दोन्हींना 'विविधीकरण' म्हणून मोकळे होतात आणि वाचकाचा घोळ होतो. निफ्टी या शेअर निर्देशांकाच्या फंडात पन्नास कंपन्यांचं वैविध्य आहे, विभागणी शून्य. पीपीएफ आणि निफ्टीचा एकच फंड ठेवणाऱ्याकडे अवघी दोन खाती असतात, पण विभागणी असते.

दसादशे
'विभागणी'ला माझंही मत. एक पुरवणी: विभागणी सांगताना गुणोत्तर मागोमाग लिहायचं, समभाग : रोखे : सोनं = ५० : ३० : २० असं. गुणोत्तराशिवायची विभागणी म्हणजे नुसता मनसुबा.

आता बॅकटेस्ट. 'पडताळा' घ्या. 'ताळा' सुचवण्याचा मोह होईल, पण ताळा गणिताचा असतो. गुणाकाराचा ताळा जमतो किंवा जमत नाही, तिसरं काही होत नाही. बॅकटेस्टमध्ये 'जमलं' असं काही नसतं. गेल्या वीस वर्षांत हा नियम पाळला असता तर काय घडलं असतं, एवढंच ती दाखवते. 'चाचणी'तही तीच खोट आहे: उत्तीर्ण, अनुत्तीर्ण. 'पडताळा' म्हणजे नियम एकीकडे, घडलेलं दुसरीकडे, आणि दोन्ही ताडून पाहणं. 'पूर्वपडताळणी' मात्र नको. ती 'आधी केलेली पडताळणी' वाटते, आणि इथे काळ उलटा आहे.

खडूफळा
पडताळा चालेल, 'गतपडताळा' अधिक नेमका. पण वाचकाला हे करायचं कसं ते कळलं पाहिजे, नाहीतर शब्द कोशातच राहतो.

दसादशे
एक्सेलमध्ये घरी करण्याजोगं आहे.

पहिल्या रकान्यात महिनाअखेरच्या तारखा. पुढे तीन रकान्यांत समभाग, रोखे, सोनं यांचे त्या दिवशीचे आकडे. समभागांसाठी निफ्टी ५० चा साधा निर्देशांक घेऊ नका, 'एकूण परतावा निर्देशांक' घ्या. साध्यात लाभांश धरलेला नसतो. फरक किरकोळ वाटतो, पण समजा दरसाल १२ टक्के आणि त्यावर लाभांशाचा सव्वा टक्का: २० वर्षांत १ लाखाचे पहिल्या हिशेबाने ९.६५ लाख होतात, दुसऱ्याने १२.०४ लाख. सेबीने (शेअरबाजाराच्या नियामकाने) फंडांना आपली तुलना एकूण परतावा निर्देशांकाशीच करायला १ फेब्रुवारी २०१८ पासून लावलं, त्याचं कारण हेच. ही मालिका ३० जून १९९९ पासून मिळते, म्हणजे २००० ची पडझड आणि २००८ दोन्ही पोटात येतात.

सोन्यात फसगत होते. सोन्याचा पहिला ईटीएफ (शेअरसारखा बाजारात घेता येणारा फंड) आपल्याकडे २००७ मध्ये आला. त्याआधीचा आकडा डॉलरमधला जागतिक भाव गुणिले रुपयाचा दर असा काढतात. त्यात आयात शुल्क येत नाही. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं आणि इथला भाव शुल्कामुळेच खाली बसला. गुणाकाराच्या मालिकेत हा धक्का दिसणारच नाही. दोन मालिका जोडल्या असतील तर सांधा कुठे आहे ते शेजारी लिहून ठेवा.

रोख्यांच्या जागी बँकेच्या ठेवीचा दर भरणारे खूप. ठेवीचा आकडा कधी खाली जात नाही, म्हणून समभागांशी तिचा सहसंबंध (दोन्ही एकत्र वर-खाली होण्याचं माप) शून्याजवळ येतो आणि विभागणी आहे त्यापेक्षा सुरक्षित भासते. ठेवच ठेवणार असाल तर ठीक. रोखे फंड घेणार असाल तर रोखे निर्देशांक वापरा, तोही एकूण परताव्याचा.

रोजकीर्द
आता रीबॅलन्सिंग. 'पुनर्संतुलन' छापायला बरं, बोलताना जिभेला गाठ पडते. 'पासंग लावणं' कसं वाटतं?

मोडीवाचक
पासंग नको. तागडीचा स्वतःचा दोष काढायला पारड्याला बांधतात तो पासंग. इथे तागडी बरोबर आहे, माल सरकलाय. शिवाय पासंग म्हटलं की वाण्याची लबाडी आठवते. 'फेर' हा उपसर्ग आपल्याकडे आयता आहे: फेरमोजणी, फेरविचार, फेरतपासणी. तसाच 'फेरतोल'. तोल म्हणजे वजनही आणि समतोलही, त्यामुळे एका शब्दात दोन्ही येतं.

काळीकसदार
फेरतोल झकास. क्रिया आकड्यांत दाखवा म्हणजे शब्द बसेल.

दसादशे
१० लाख, ५० : ३० : २०. म्हणजे समभाग ५ लाख, रोखे ३, सोनं २. समजा वर्षभरात समभाग ४० टक्के पडले, रोखे ७ टक्के वाढले, सोनं २० टक्के वाढलं. आता ३ लाख, ३.२१ लाख, २.४० लाख. बेरीज ८.६१ लाख. समभाग ४० टक्के पडूनही एकूण घट १३.९ टक्केच.

पण गुणोत्तर आता साधारण ३५ : ३७ : २८ झालंय. फेरतोल म्हणजे ८.६१ लाखांचे पुन्हा ५० : ३० : २०. रोख्यांतून ६२,७०० आणि सोन्यातून ६७,८०० काढायचे आणि १,३०,५०० समभागांत घालायचे. कागदावर तीन ओळी. प्रत्यक्षात तेव्हा बातम्यांत प्रलय चाललेला असतो, सोनं अजून चढणार असं सगळे सांगत असतात, आणि तुम्हाला तेच विकायचं असतं. पडताळ्यात ही ओळ सूत्र बिनबोभाट पार पाडतं. परतावा ज्या ओळीतून येतो तीच माणसाकडून गळते.

कर विसरू नका. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या रोखे फंडाचा नफा, कितीही काळ ठेवला तरी, उत्पन्नात मिळवून आपल्या टप्प्याने कर लागतो. समभागांच्या एक वर्षावरच्या नफ्याला २३ जुलै २०२४ पासून १.२५ लाखांपुढे १२.५ टक्के. म्हणून विकण्याआधी 'हप्ता वळवणे' करून पाहा. महिन्याला २०,००० जात असतील तर सगळे समभागांकडे वळवा. वरच्या उदाहरणात विकायचे टाळले तर रोखे आणि सोनं तेवढंच राहतं आणि हप्त्याने एकूण रक्कम वाढते, त्यामुळे १,३०,५०० पेक्षा जास्त घालावे लागतात, पण कर लागत नाही.

खडूफळा
नेमके किती ते सांगतो, कारण इथे बरेच जण चुकतात. रोखे आणि सोनं न विकता ५,६१,००० राहतात. ते एकूण रकमेच्या निम्मे व्हायला समभागही ५,६१,००० हवेत, म्हणजे २,६१,००० घालायचे. बरोबर दुप्पट. २०,००० च्या हप्त्याने तेरा महिने, तेही मधल्या काळात भाव जागचे हलले नाहीत असं धरून. तेवढं थांबायचं नसेल तर अर्धं वळवा, अर्धं विका.

आणि भाषेचा एक मुद्दा. 'प्रमाण ५ टक्के सरकलं की फेरतोल' असं वाक्य जागोजागी असतं. म्हणजे नक्की काय? ५० चे ५ टक्के अडीच, म्हणजे पट्टा ४७.५ ते ५२.५. की ५० उणे-अधिक ५, म्हणजे ४५ ते ५५? पहिल्यात फेरतोल वारंवार होतो, खर्च आणि कर वाढतात. ४५ ते ५५ म्हणायचं असेल तर '५ टक्केबिंदू' लिहा, किंवा सरळ '४५ च्या खाली किंवा ५५ च्या वर' असं लिहा. मला दुसरं आवडतं, त्यात वाद घालायला जागाच नाही.

रोजकीर्द
ड्रॉडाउनला 'घसारा' एका ठिकाणी वाचलाय.

मोडीवाचक
अजिबात नको. घसारा हिशेबात यंत्राच्या झिजेचा, त्याची जागा ठरलेली आहे.

दसादशे
'घसरण'ही अपुरी, कारण घसरण कुठूनही कुठेही मोजता येते. ड्रॉडाउन नेहमी आधीच्या शिखरापासून मोजतात आणि नवं शिखर येईपर्यंत तो चालूच असतो. म्हणून 'शिखरघट'. निफ्टी ८ जानेवारी २००८ ला ६,२८७.८५ वर बंद झाला, २७ ऑक्टोबरला २,५२४.२० वर. शिखरघट जवळपास ६० टक्के. नोव्हेंबर २०१० च्या दिवाळीला ते शिखर निसटतं ओलांडलं गेलं आणि पुन्हा खाली गेलं. २०२० मध्ये १४ जानेवारीच्या १२,३६२.३० वरून २३ मार्चच्या ७,६१०.२५ पर्यंत साडेअडतीस टक्के.

शिखरघटीला दोन मापं हवीत, खोली आणि मुदत. ६० टक्के खोली भरून यायला १५० टक्के चढावं लागतं, हे सांगितल्याशिवाय तो आकडा अर्धाच. याच कारणाने वाढ सांगताना सरळ सरासरी नको, दसादशे चक्रवाढ दर हवा. पहिल्या वर्षी अधिक ५०, दुसऱ्या वर्षी उणे ५०: सरासरी शून्य, हातात १०० चे ७५.

एक्सेलमध्ये सोपं आहे. शेजारच्या रकान्यात आतापर्यंतचा कमाल आकडा, त्याच्या शेजारी आजचा भागिले कमाल उणे १. त्या रकान्यातला सर्वांत लहान आकडा म्हणजे कमाल शिखरघट. महिनाअखेरचे आकडे वापरले तर ती थोडी उथळ दिसेल, कारण २३ मार्च महिनाअखेरीस येत नाही.

काळीकसदार
पडताळा कुठे फसतो, त्याला शब्द आहेत का? इंग्रजीत प्रत्येक चुकीला नाव आहे.

खडूफळा
आपल्याकडे इंग्रजीपेक्षा बरी नावं आहेत. उद्याची माहिती आज वापरणं म्हणजे 'पेपरफुटी'. मार्चअखेरचे वार्षिक निकाल कंपनीने ६० दिवसांत द्यायचे असतात, म्हणजे ते मेअखेरपर्यंत येऊ शकतात. माहितीसाठ्यात मात्र त्यावर ३१ मार्च लिहिलेलं असतं. १ एप्रिलला त्या आकड्यांवर खरेदी करणाऱ्या नियमाचा पेपर फुटलाय.

दुसरी चूक 'उरल्यांची यादी'. आजच्या निफ्टीतल्या पन्नास कंपन्या घेऊन २००५ पासून मोजलं की परतावा डोळे दिपवतो. सत्यम जानेवारी २००९ पर्यंत निर्देशांकात होती, येस बँक मार्च २०२० पर्यंत. आजच्या यादीत दोघीही नाहीत, त्यामुळे त्या कोसळल्याची खोटही हिशेबात नाही.

तिसरी, आणि सगळ्यांत जास्त पैसे खाणारी: 'बेतलेला नियम'. शिंपी कापड अंगाला बेततो तसा नियम जुन्या आकड्यांना बेतायचा. भाव १० महिन्यांच्या सरासरीवर गेला की खरेदी, हा नियम नाही चालला, मग ११ घ्या, ९ घ्या, कुठेतरी बसतंच. उपाय: काही वर्षं 'राखून' ठेवा. १९९९ ते २०१२ वर नियम ठरवा, २०१३ पासूनचं उघडूही नका, आणि शेवटी एकदाच लावून पाहा. दुसऱ्यांदा लावलं की राखीव संपलं. तयार निर्देशांकांनाही हे लागू आहे. निफ्टी २०० मोमेंटम ३० (अलीकडे जोरात चढलेल्या तीस कंपन्यांचा निर्देशांक) सुरू झाला ऑगस्ट २०२० मध्ये, पण त्याचे आकडे १ एप्रिल २००५ पासून दाखवतात. जन्माआधीची पंधरा वर्षं मागे जाऊन मोजलेली आहेत. पत्रकातला आलेख पाहताना २०२० वर पेन्सिलीने उभी रेघ मारा.

दसादशे
चौथी भर घालतो, 'मुहूर्तफळ'. वार्षिक फेरतोल ३१ मार्चला केला तर २०२० मध्ये तळाजवळ समभाग घेतले जातात, ३१ डिसेंबरला केला तर नाहीत. नियम तोच, मुहूर्त वेगळा. म्हणून बाराही महिनाअखेरी धरून बारा पडताळे करा आणि बाराही उत्तरं द्या, त्यातलं सर्वांत चांगलं एकच नको. दोन विभागण्यांमधला फरक या बारांच्या पसाऱ्यापेक्षा लहान असेल तर त्यांत सरस-निरस ठरवता येत नाही. ५० : ३० : २० की ५५ : ३० : १५ यावर जे वाद रंगतात, त्यातले बहुतेक इथेच मिटतात.

मोडीवाचक
लिंगाचं राहिलं. 'बॅकटेस्ट केली' की 'केलं'?

खडूफळा
टेस्ट ती, म्हणून बॅकटेस्ट ती. 'बॅकटेस्टिंग' ते. पोर्टफोलिओ तो. पडताळा तो, विभागणी ती, फेरतोल तो, शिखरघट ती. 'मी बॅकटेस्ट मारली' हेही ऐकू येतं. आकडे नीट न पाहता केली असेल तर तेच क्रियापद बरोबर.