पुष्टी विचारली तरी पुरेसं नाही

ऑब्सिडियन या नोंदी ठेवायच्या अ‍ॅपमधल्या फाइली एआय एजंटला (आपल्या वतीने कामं करणाऱ्या प्रोग्रामला) डिलीट करू द्याव्यात का, या चर्चेत 'डिलीट करण्याआधी एजंटने विचारलं की झालं' हे वर आलेलं मत मला अर्धंच पटतं. पहिल्या दोन-तीन वेळा आपण नीट वाचतो, पुढे नुसतं 'हो' दाबत जातो. माझ्या एजंटला दुहेरी नोंदी काढायला सांगितल्या, तर त्याने दोन फोल्डरमधल्या एकाच नावाच्या, पण वेगळ्या मजकुराच्या नोंदींपैकी एक उडवली. परवानगी मीच दिली होती, कारण प्रश्नात फक्त फाइलचं नाव होतं, पूर्ण पाथ (ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे तो पत्ता) नव्हता.

आणखी एक गोष्ट इथे कुणी मांडलेली नाही. ऑब्सिडियनमध्ये डिलीट केलेली फाइल व्हॉल्टमधल्याच (म्हणजे सगळ्या नोंदी असलेल्या मुख्य फोल्डरमधल्याच) '.ट्रॅश' फोल्डरमध्ये टाकायची सोय आहे, पण ती सेटिंग अ‍ॅपमधून डिलीट केलं तरच लागू होते. एजंट वापरतो ते टूल थेट डिस्कवरून फाइल काढत असेल तर तिचा काहीच उपयोग नाही. शिवाय इतर नोंदींमधल्या त्या फाइलकडे जाणाऱ्या लिंका तशाच राहतात आणि त्यावर क्लिक केलं की त्याच नावाची कोरी नोंद तयार होते! म्हणजे नोंद गेल्याचं लक्षातही येत नाही. म्हणून टूलने फाइल फक्त कचऱ्याच्या फोल्डरमध्ये हलवावी, आणि त्याआधी तिच्याकडे येणाऱ्या लिंका दाखवाव्यात. कायमचं पुसण्याचा अधिकार एजंटला देऊच नये.